शेवटच्या बाकावरची कुजबुज

शांतवन गेल्याचं त्याच्या पत्नीने, सगुणावहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी दुधात भाकरी कुस्करत होतो. ती तशीच ताटलीत फुगत राहिली. पण या दीड महिन्यात मला छळते आहे ती नंतरची स्मरणसभा. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "लेक गेली तेव्हा शांतवनने दुःखाच्या भरात काही महिने प्रभुभोजनाची भाकरी घेतली नाही. पण अण्णा त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्याचा विश्वास टिकला." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला... तो नव्हता. त्या दिवशी गप्प बसलो, म्हणून आज लिहितो आहे.

शांतवन करकंबचा. तरुणपणी सोलापुरात आला, भवानी पेठेत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर लागला आणि त्या खडखडाटात कानांनी अधू झाला. त्यामुळे त्याची कुजबुज म्हणजे दुसऱ्याचं ओरडणं. उपदेश लांबला की तो माझ्या कानाशी लागायचा, "अण्णा, आज समद्यांचं मटण करपतंय बघा," आणि ते थेट पाळकसाहेबांपर्यंत पोचायचं. तेही हसू दाबत प्रार्थना उरकती घ्यायचे. मी रेल्वेतला, चर्चच्या मंडळीचा कारभार बघणारा एक पंच. तो भजनाला ढोलकी वाजवणारा. आमचा बाक एकच.

त्याची एकुलती एक कृपा नर्सिंगला होती. तापाचं निमित्त झालं. दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली गुडघे टेकून आम्ही प्रार्थना केल्या, उपास धरले. ती गेली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये देवाविषयी साक्ष देण्याची वेळ आली तेव्हा शांतवन उभा राहिला. "देवा, माझा तुझ्यावर लई राग हाय. तू प्रीती करतोस म्हनं. मग कुटं हुतास? पण मी येनार. दर रविवारी हितं येऊन तुला इचारनार." तो बसला आणि बायका रडू लागल्या, पुरुषही. आदल्याच वर्षी माझी पत्नी गेली होती. तेव्हा त्याच जागी उभं राहून मी खणखणीत आवाजात "प्रभूची इच्छा" म्हणालो होतो आणि घरी येऊन तिच्या साड्यांच्या कपाटाला कुलूप लावलं होतं. माझ्या साक्षीला कुणी रडलं नव्हतं. शांतवन खरं बोलला, याचाच मला राग आला... इतक्या वर्षांनी त्याला दुसरं नाव देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला कारखान्याच्या दाराशी गाठलं. "पंचांनी ठरवलंय," मी म्हणालो, "पश्चात्ताप करीपर्यंत तुला प्रभुभोजन नाही." पंच बैठकीला बसलेच नव्हते. मी कुणाला विचारलंही नव्हतं. त्याने अंगावरचा कापूस झटकला. "ढोलकी वाजीवली तर चालंल की?" एवढंच विचारलं.

तेव्हापासून भजन संपलं की तो शेवटच्या बाकावर जाऊन बसे. भाकरीच्या तुकड्यांचं ताट हातोहात येई. तो कडेला एक बोट लावी आणि शेजाऱ्याकडे सरकवी. मी मागे वळून बघत नसे, तरी ते बोट मला दिसे. नाताळ जवळ आला तसं मला सोसवेना. "पंचांनी माफ केलंय तुला," मी सांगितलं. दुसरं खोटं. त्या रविवारी तो पुन्हा माझ्याशेजारी आला. ताट समोर आलं आणि माझाच हात उचलेना. "घ्या की, अण्णा!" तो कुजबुजला. अख्खं चर्च हसलं. मी तुकडा घेतला.

शेवटचा भेटलो तो त्याच्या घरी. खाटेवर नुसता सांगाडा उरला होता. आवाज इतका खोल गेलेला की पहिल्यांदाच मला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागला. "अण्णा, पंच बसलेच न्हवते. ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"पैल्या महिन्यातच पाळकसाहेबांनी इचारलं की, तू घेत का न्हाईस? मन लागंना, म्हनलं."

"मग मला बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुमी यायचंच सोडलं असतं. वहिनी गेल्यापासनं तुमी कुणापाशी रडला न्हाई. तुमाला कुटं एकलं सोडू?" तो दम घ्यायला थांबला. "मी रागावलो हुतो, अण्णा. देव न्हवता रागावला. त्येच्या घरातनं कुणी हाकलावं, आसं कुणाच्या हातात न्हाई..."

तेव्हाच क्षमा मागायला हवी होती. शब्द ओठांवर होते. सगुणावहिनी चहा घेऊन आल्या आणि मी या वर्षीच्या उन्हाबद्दल बोलू लागलो. तो माझ्याकडे बघत राहिला. वाट बघत होता... असं मला आता वाटतं.

हे लिहिलेलं छापायला धाडण्याआधी सगुणावहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला कळलं असतं तर तुमच्या दारात येऊन भांडले असते की, अण्णा. म्हणून तर सांगितलं नसंल त्येनी." आणि चहा टाकायला उठल्या.

हल्ली प्रभुभोजनाच्या रविवारी मी त्या शेवटच्या बाकावर बसतो. मागे नुसती भिंत आहे. ताट हातोहात येतं आणि त्या भिंतीतून, अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशी कुजबुज येते... "घ्या की, अण्णा!" कुणी वळून बघत नाही. माझा हात तुकड्यापर्यंत जात नाही. मी ताटाच्या कडेला एक बोट लावतो आणि शेजाऱ्याकडे सरकवतो.