दावं

किन्हवलीच्या रविनाने स्वतः कधी एक शेअर विकत घेतला नाही. पण तिने लिहिलेला प्रोग्रॅम पापणी लवायच्या आत शेकडो शेअर घेतो नि विकतो. मुंबईच्या एका कंपनीत ती हेच काम करते. काही दिवस ऑफिसात, बाकीचे गावच्या घरी पडवीत टेबल टाकून.

बाजार उघडायच्या आधी देवापुढे दिवा लावायचा आणि मगच लॅपटॉप उघडायचा, हा तिचा नेम.

"भाव वाढू दे म्हून मागतेस काय गो?" आई, प्रेमा, चिडवायची.

"भावाचं बाजार बघंल. माझा प्रोग्रॅम उधळू नये, एवढंच."

असा प्रोग्रॅम बिघडला, की माणसाला कळेपर्यंत चुकीच्या ढीगभर ऑर्डरी जाऊन बसतात. म्हणून तिने त्यात एक तपासणी घातली होती. ऑर्डर सुटण्याआधी दिवसभराच्या सौद्यांची ठरलेली हद्द बघायची. ओलांडली की सगळं जागच्या जागी थांबवायचं. गुरं बांधायच्या दोराचं नाव तिने त्या तपासणीला दिलं, दावं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं ते नाव टीमचे प्रमुख सुरेंद्रसर यांनी वाचलं 'दवा'.

"प्रोग्रॅम आजारी आहे का गं?" सगळे हसले, आणि तेच नाव चिकटलं.

एका सोमवारी सरांचा व्हिडिओ कॉल आला. "तुझी दवा ऑर्डर अडवून धरते. आपण पोचेपर्यंत दुसरे सौदा उचलतात. काढून टाकू या."

"काढायचं नाय, सर."

या 'नाय'ला कॉलेजात पोरी हसायच्या, तेव्हापासून ती बाहेर जपून 'नाही' म्हणायची. आज निघालं ते निघालं. तिने ते सुधारलं नाही.

"मग तिला पळव. शुक्रवारच्या चाचणीत जमलं नाही, तर दवा जाईल आणि हे काम दुसऱ्याकडे."

तिने इकडची ओळ तिकडे केली, चार ओळी उडवल्या. फरक पडला तो नावापुरता. संध्याकाळी डोकं शिणलं म्हणून ती गोठ्याकडे गेली. म्हैस चरून आली, आईने खुंट्याच्या दाव्याचा फास तिच्या गळ्यात अडकवला आणि झालं.

"आये, गाठ कधी मारलीस?"

"मघाशीच, ती रानात असताना. ती दारात मान झटकीत उभी ऱ्हायल्यावर गाठी मारीत बसू?"

रविना तिथंच थबकली. तिचा प्रोग्रॅम नेमकं हेच करत होता. ऑर्डर दारात आली, की दिवसभराचे सगळे सौदे पहिल्यापासून मोजायला बसायचा. बेरीज आधीच तयार ठेवली, तर ऐनवेळी फक्त एक नजर टाकायची.

"चा घेतेस ना?"

"मागून घेते."

सरळ मात्र गेलं नाही. रद्द झालेल्या ऑर्डरी बेरजेतून वजा करायच्या राहिल्या आणि दावं उगाच आवळायला लागलं. तिने सगळं उसवलं, पुन्हा विणलं.

शुक्रवारी ऑफिसात जुन्या एका दिवसाचा बाजार प्रोग्रॅमवर चालवून पाहिला. ऑर्डरी सरांना हव्या तशा सुटल्या. सर उठायला लागले.

"थांबा, सर. आता खोटा भाव घालून त्याला उधळवा."

त्यांनी घातला. प्रोग्रॅम उधळला, हद्दीशी आला आणि हिसका बसून जागीच थांबला.

सर म्हणाले, "बरं. दवा राहू दे."

"दवा नाय, सर," रविना म्हणाली. "दावं."