ताईच्या कानाला चालेल अशी चिप

बायकोची बोलणी पुन्हा खायला मिळावीत म्हणून स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडणारा नवरा अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण आणि हे तिचे यजमान, आमचे दाजी. आमचं माहेर मखमलाबादचं. मळ्यात शेवंती, भाजीपाला, आणि या सगळ्यावर ताईचा आवाज. ती विहिरीवरून हाक मारायची ती रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांना ऐकू जायची. अशा मुलीला बघायला आलेल्या या गृहस्थांनी स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही विचारलंच नाही. आत ती कुणाला तरी झापत होती, ते त्यांनी मान तिरकी करून पूर्ण ऐकलं, कप खाली ठेवला आणि आमच्या वडिलांना म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे. वर चढला तरी फाटत नाही." ही पसंती की तक्रार, हेच वडिलांना कळेना. शेवटी पसंतीच निघाली.

दाजींचं सगळं जगणंच कानावर चालायचं. नारळ सगळेच वाजवून घेतात हो, पण दाजी कुकरसुद्धा शिट्टी ऐकून घ्यायचे, आणि ती ऐकवण्यासाठी भांड्यांच्या दुकानदाराला स्टोव्ह पेटवायला लावायचे. घरातला पंखा कुरकुरला तर तेल घालायच्या आधी त्याच्याखाली उताणे पडून तो कोणत्या बाजूनं रडतोय ते ऐकायचे. एकदा पिंपळगाव बसवंतला आम्ही लग्नाला गेलो होतो. मंगलाष्टकं चालू, सगळा मांडव अक्षता मुठीत धरून उभा, आणि हा माणूस तरातरा स्पीकरवाल्याकडे गेला, त्याच्या मशीनवरचं एक बटण किंचित फिरवलं आणि परत येऊन उभा राहिला. नवरीचे मामा डोळे वटारून बघत होते. मी हळूच विचारलं, "दाजी, काय हे?" तर म्हणाले, "अगं, गुरुजींचा 'स' टोचत होता."

सातपूरच्या एका कारखान्यातली बरी नोकरी सोडून त्यांनी नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ एक गाळा घेतला होता. टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. पुढे कॅसेटचे दिवस सरले आणि खिशात मावणारे, चिपवर चालणारे गाण्यांचे प्लेअर आले. ते तेव्हा महाग होते. दाजींनी ठरवलं, आपण स्वस्तातला प्लेअर बनवायचा, पेन्सिल सेलवर चालणारा, ट्रकवाल्यांना आणि द्राक्षांच्या पॅकहाऊसमधल्या बायकांनाही परवडेल असा. कधी नव्हे ते धंद्याचं डोकं चाललं होतं त्यांचं.

नेमकं त्याच सुमारास ताईचे कान गेले. एकदम नाही. आधी दारावरची बेल गेली, मग फोन, मग शेजारणींच्या गप्पा. डॉक्टरांनी कानाची नस मंदावलीय म्हणून सांगितलं आणि कानामागे लावायचं यंत्र दिलं. ते ताईनं घरी आणून थेट कपाटात ठेवलं. "यंत्र लावून हिंडायला मी काय म्हातारी झालेय का?" संपला विषय. पण ऐकू येईना म्हणून ती हळूहळू बोलायचीही थांबली. कुणाकडे जाईना, मला फोन करीना. मी केला तर घसा खरवडेस्तोवर ओरडावं लागायचं, आणि पलीकडून नुसतं "हं, हं" यायचं. नातेवाईक दाजींना चिडवायचे, सुटलात बुवा एकदाचे. दाजी हसायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, "घरात सेल संपल्यासारखं वाटतं गं."

आणि मग त्यांच्या डोक्यात आलं, की कानात वायरी घालून तर आता कॉलेजातली पोरंही फिरतात. प्लेअरला बारीक माइक असतोच. त्यात शिरलेला आवाज मोठा करून थेट कानात सोडला तर ताईला ऐकू येईल, आणि बघणाऱ्याला वाटेल बाई गाणी ऐकतेय. झालं. त्या दिवसापासून चिप शोधायची ती ट्रकवाल्यांसाठी नाही, ताईसाठी.

मुंबईहून नमुन्याच्या चिपा यायच्या आणि दाजी त्यांची स्थळं बघितल्यासारखी चौकशी करायचे. खाते किती, तापते का, घराणं कुठलं. गाळ्यात मसाल्याचा डबा होता, त्याच्या एकेका वाटीत एकेक जात. एक स्वस्त होती, पण गाणं थांबलं की मागे स्टोव्हसारखी फुसफुसायची. एक गुणी होती, पण सकाळी घातलेला सेल दुपारपर्यंत फस्त करायची. एकीचं तर सगळं चांगलं, फक्त आत गेलेला आवाज ती आपल्या सवडीनं बाहेर सोडायची. ती जोडून ताईला स्वयंपाकघरात उभं केलं. ताईनं नळ बंद केला तरी तिला क्षणभर नळ ऐकू येत राहिला. ती बोलायला लागली तर तिचंच बोलणं मागून कानात यायला लागलं. तिनं वायरी काढून दाजींच्या हातात दिल्या. "मी बोललेलं मलाच ऐकवता होय? घ्या तुमची डबी." दाजींनी ती वाटी रिकामी केली.

शेवटी एक सापडली. माइकचा आवाज कुठेही न रेंगाळता सरळ कानात सोडणारी, आणि बारीक आवाज तेवढे वेगळे उचलून देणारी. महाग होती. द्वारकेच्या ज्या दुकानदारानं माल घ्यायचं कबूल केलं होतं तो म्हणाला, "अहो, त्या फुसफुसणाऱ्या चिपेत काय वाईट आहे? ट्रकमध्ये कुणाला कळतंय?" दाजी म्हणाले, "मला कळतंय ना." ट्रकवाल्यांची गाणी आणि ताईचे कान, दोन्हींना एकच चिप, हा हट्ट त्यांनी सोडला नाही. दुकानदारानं दिल्लीहून माल मागवला. दाजींचा धंदा तिथेच बसला, आणि ताईच्या पदराआड मात्र नव्या चिपेची डबी आली. ताईची अट एकच, कुणालाही सांगायचं नाही.

आणि त्याच आठवड्यात दाजींच्या चुलत काकांचा दहावा आला, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर. ताई कुठे जात नव्हती, पण ही डबी बाहेर चालते का ते बघायचं म्हणून दाजींनी तिला नेलं. प्रवचन चालू, सगळ्या बायका पदर घेऊन बसलेल्या, आणि आमची ताई कानात काळ्या वायरी घालून त्यांच्या पुढे. काय ते दृश्य असेल. पुरुषांत कुजबुज सुरू झाली. एका भाऊबंदानं दाजींना कोपरानं ढोसलं, "काय हो, वहिनी दहाव्यालाबी गाणी ऐकत्यात?"

"ऐकते."

"कोनती?"

"जुनी," दाजी म्हणाले आणि शांतपणे प्रवचन ऐकत बसले. हे सगळं मला त्यांनीच मागाहून सांगितलं.

त्या संध्याकाळी नाशिकरोडला आमच्या घरी फोन वाजला. ताईचा आहे कळल्यावर मी सवयीनं बेंबीच्या देठापासून ओरडले. ती म्हणाली, "ओरडू नकोस गं. रिसिव्हरपाशी डबी धरलीय, येतंय ऐकू."

कसली डबी, ते मी विचारणार होते. पण तिला कुठे धीर होता? "अगं, माझ्या मागं ह्यांच्या दोन चुलत्या बसल्या होत्या. एक म्हणती, लाज हाय का काही, दहाव्याला गाणी ऐकती ही बाई. दुसरी म्हणती, नवऱ्यानंच डोक्यावर बसवलीय. शब्दन् शब्द ऐकला मी." ती हसत होती, आणि मग हसता हसता रडायला लागली. "लोक बोलत असले की मला वाटायचं माझ्याबद्दलच बोलतात. सगळेच. म्हणून कुठे जायचीच नाही. आज कळलं गं, दोघीच बोलतात, आणि तेही थोडंच. लगेच कांद्याच्या भावावर गेल्या."

मीही रडत होते आणि हसत होते. मग मला तिकडची सगळी बातमी हवी होती, कोण आलं, कोण नाही, प्रवचन कसं झालं. ताईही रंगात आली होती. तेवढ्यात तिच्या मागून दाजींचा हळू आवाज आला. ते कायम हळूच बोलायचे. मला काही नीट कळलं नाही.

"थांब, ठेवते मी फोन," ताई म्हणाली. "हे काहीतरी म्हणतायत. ऐकू दे मला."

आणि तिनं फोन ठेवला. बोलणं अर्धवट सोडून, नवरा काहीतरी म्हणतोय म्हणून ताईनं फोन ठेवल्याचं मला तोवर तरी आठवत नव्हतं.

त्या वेळी दाजी काय म्हणाले, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता ते नाहीत, आणि विचारावंसंही वाटत नाही. तिनं ऐकलं होतं, एवढं बास आहे.