बिभीषणच्या कॉम्प्युटरमधली गल्ली

सत्याऐंशीचा दुष्काळ. नळाला चौथ्या दिवशी पाणी, आणि शहर मात्र वाळूजच्या बाजूनं फुगत चाललेलं. उस्मानपुऱ्यात आमच्या वरच्या खोलीत बिभीषण भाड्यानं राहायचा. सोयगावकडच्या मेंढपाळाच्या घरातला पहिला पदवीधर. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा आणि संध्याकाळी त्याच मशीनवर एक खेळ रचायचा. त्यात विमान नाही, बंदूक नाही. एक गल्ली, आठ घरं. खेळणाऱ्यानं टँकरमधून किती पाणी सोडायचं तेवढंच ठरवायचं. कोण कुणाशी गोड बोलेल, कोण रुसेल, ते खेळातली माणसं आपली आपण ठरवणार.

पण खेळातल्या सातव्या दिवशी सगळी गल्ली गप्प व्हायची. आठही घरांपुढं हिरव्या अक्षरांत एकच शब्द: अबोला.

क्लासचे मालक सर्जेराव म्हणाले, "रविवारी कॉलेजचे सर बघायला येतायत. तुझी गल्ली खेळातला महिनाभर नांदली तर संध्याकाळी मशीन तुझं. नाही तर टायपिंगची बॅच." त्या बॅचच्या सूचनेचा कागद त्यांनी दारावर लावूनसुद्धा टाकला.

शुक्रवारी बिभीषणची आई आली, दगडाबाई. गावात चारा नव्हता, म्हणून थोरला मेंढरं घेऊन पैठणकडं गेलेला. डबा द्यायला आम्ही दोघी क्लासात गेलो, तर हा मशीनपुढं डोकं धरून बसलेला.

"बघ आई, गंगूनं सांडूच्या बायकोचा हंडा रांगेतून सरकवला. आता गंगूनं जाऊन बोलायला पाहिजे, तर बोलंना."

"कशी बोलंल? आन ती दुसरी तरी का बोलंल? दोघीबी वाट बघत बसत्यात."

"मग मिटतं कसं?"

"आरं, तिसरी कोण हाय का नाय तुझ्या गल्लीत? ती दोघींला चहाला बोलवती. एकीला दुसरीचं सांगतच नाय. एकदा आल्या की उठून जायची काय बिशाद!"

मला हसू फुटलं. माझा आणि शेजारच्या रत्नमालाबाईंचा अबोला मागच्याच महिन्यात असा पोह्यांच्या बशीवर सुटला होता.

बिभीषण कपाळावर हात मारून म्हणाला, "वहिनी, मी सगळी नाती दोघादोघांतच बसवली हो!"

दोन दिवस तो जेवायलाही धड वर आला नाही.

रविवारी आम्ही दोघीही क्लासात गेलो. सरांनी मुद्दाम पाणी निम्म्यावर आणलं. भांडणं पेटली. सातवा दिवस आला. एका घरानं दोघींना चहाला बोलावलं, अबोला पुसला गेला. बाराव्या दिवशी मात्र ती चहावालीच भांडून बसली.

"आता हिला कोण बोलवणार?" सरांनी विचारलं.

"थांबा की सायेब, बोलावतील," दगडाबाई म्हणाल्या.

पलीकडच्या घरानं बोलावलं. तीस दिवस पार पडले. सर्जेराव उठले आणि दारावरचा कागद काढून आले. सर खुर्ची पुढं ओढून एकतिसावा दिवस लावत होते.

"आता तरी पाणी सोडा ना सायेब," दगडाबाई म्हणाल्या, "बाया दमल्यात."