कृष्णाच्या शेजारी लाल रॉकेट

मंडळी, आज सूनबाईबरोबर इथं चेन्नईत एग्मोरला भिंतीवर लावायची अ‍ॅक्रिलिकच्या चकचकीत शीटवर छापलेली चित्रं घ्यायला गेले. जुन्या काळी चित्रकार कल्पनेनंच अंतराळ रंगवायचे ना, तसली: लाल रॉकेट, चंद्रावर काचेची घरं.

तिनं सगळ्यात लहान उचललं. "बेडरूममध्ये लावते, आई. हॉलमध्ये तुमचं तंजावरचं कृष्णाचं चित्र आहे."

खरंच की! एवढ्या हॉलमध्ये तिचं म्हणून काहीच नव्हतं.

"कृष्णाला शेजार नको का? चांगलं मोठं घे!" मी म्हटलं.

घरी आल्याआल्या मी रॉकेटला कुंकू लावलं. तिनं चित्रावरची पातळ प्लास्टिक फिल्म सोलली, तर कुंकूही गेलं! "थांबा आई," म्हणाली, आणि स्वतःच कुंकवाचं बोट टेकवलं.

तुमच्या हॉलमध्ये सुनेच्या आवडीचं काय आहे हो?