दादांच्या आवाजाचा रनटाइम

आमच्या घरात जावा दोन, मोठ्या जाऊबाई आणि मी. तिसरी जावा कॉम्प्युटरमध्ये राहते, आणि जाऊबाईंचं माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त पटतं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. जाऊबाई नुसत्या हसतात. जावा ही प्रोग्रॅम लिहायची एक भाषा आहे आणि पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्या भाषेवर चालणारे सर्व्हर सांभाळणं हे त्यांचं काम. नोकरीला लागल्यापासून त्यांनी दुसरं काही केलेलं नाही.

काहीही विकत घ्यायचं म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ह्याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील?" मिक्सर घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार पाती किती जोरात फिरतात ते दाखवत होता, आणि जाऊबाई भांड्याच्या झाकणाचं रबर गेलं तर कुठे मिळेल ते विचारत होत्या. मी कंटाळून पायरीवर जाऊन बसले. मला वस्तू पटकन आवडते आणि तितक्याच पटकन तिचा वीट येतो. तो मिक्सर मात्र अजून कुरकुर न करता चालतोय, हे कबूल केलं पाहिजे.

दादा, म्हणजे माझे मोठे दीर, भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. पहाटे त्यांचा आवाज सुरू झाला की बाजाराच्या त्या टोकाचे हमाल कान टवकारायचे. घशाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं सांगितलं, तेव्हा घरात रडारड झाली. जाऊबाई रडल्या नाहीत. त्यांनी आवाज घुमू नये म्हणून मधल्या खोलीच्या भिंतींना गाद्या टेकवल्या, दादांना मधोमध खुर्चीवर बसवलं आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांच्याकडून एकेक शब्द म्हणवून रेकॉर्ड केला. मग त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत दादांनी वाक्य टाइप करायचं, एंटर दाबायचं, की लॅपटॉप त्यांच्याच आवाजात बोलतो. एकेक शब्द जोडत बोलतो, त्यामुळे जरा अडखळतो. आकडे मात्र दादांनी सवयीने लिलावात पुकारावेत तसेच म्हटले होते. "मला चार वाजता चहा द्या" यातला "चार" समोरच्या इमारतीत ऐकू जातो.

गेल्या महिन्यात त्या लॅपटॉपने मान टाकली. स्क्रीनवर रेघा येऊ लागल्या, बॅटरी फुगली. आमचे हे नवा लॅपटॉप घेऊन आले. पण जावाचा प्रोग्रॅम नुसता नेऊन ठेवला की चालत नाही. तो चालवायला यंत्रात रनटाइम नावाची गोष्ट लागते, आणि प्रोग्रॅम लिहायला किंवा बदलायला रनटाइमसकट सगळी हत्यारं असलेलं डेव्हलपमेंट किट लागतं. हे मला जाऊबाईंनी भाजी निवडता निवडता सांगितलं. मला वाटलं, चला, एक काहीतरी टाकतील आणि होऊन जाईल. कसलं काय! बाईंनी आठवडाभर घोळ घातला.

आमचे हे म्हणाले, "वहिनी, जावाची सगळ्यात नवी आवृत्ती आलीय ती टाका ना. नव्यात सुधारणा असतात."

"नवं दर सहा महिन्यांनी येतं, आणि पुढचं आलं की आधीच्याला कुणी विचारत नाही," जाऊबाई म्हणाल्या. "मला ह्यांच्या आवाजामागे दर सहा महिन्यांनी धावायचं नाहीये."

"मग जुनंच ठेवा की. इतकी वर्षं चाललंच ना?" मी म्हणाले.

"जुन्याची दुरुस्ती बंद झाली. उद्या काही बिघडलं तर दार ठोठावायला कुणी नाही."

ह्या दोन्हींच्या मधली एक आवृत्ती होती, जिला बरीच वर्षं दुरुस्ती मिळणार होती. तीही चार-पाच जण फुकट देत होते. मूळ एकच, बांधणी आणि वायदा ज्याचा त्याचा. जाऊबाई रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्या की चष्मा चढवून कोण किती वर्षांचा शब्द देतो ते वाचत बसायच्या. इकडे दादा पाटीवर खडूने लिहून बोलत होते. त्यांनी माझ्यासमोर पाटी धरली: "तुझी जाऊ माझ्यासाठी स्थळ बघतेय." मी हसले, पण मला रागही आला होता. माणूस मुका बसलाय आणि ह्यांची निवड संपत नाही! तसं मी बोलूनही दाखवलं.

"एकदाच निवडायचं असतं गं," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे दुसरा आवाज नाही."

रविवारी दुपारी एकदाची निवड झाली. आपल्या यंत्रावर त्यांनी पूर्ण किट टाकलं, प्रोग्रॅम नव्याने बांधला, चालवून बघितला. दादांचा आवाज खणखणीत आला. दादांच्या लॅपटॉपवर हत्यारांचं काय काम, म्हणून तिथे फक्त रनटाइम टाकला. मग लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. दादांनी हात पुसले, टाइप केलं, एंटर दाबला.

काही नाही. त्यांनी पुन्हा दाबला. अक्षरं खिडकीत दिसत होती, चूक म्हणून काही येत नव्हतं, आणि आवाजही नव्हता. ह्यांनी स्पीकर तपासला, तो ठीक होता. त्याच लॅपटॉपवर एक गाणं लावलं, तर तेही वाजलं.

मी जाऊबाईंना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. त्यांना वाटलं, नेताना ध्वनीच्या फायली बिघडल्या. त्यांच्या यंत्रावर त्या वाजत होत्या, इथे मुक्या होत्या. त्या लॅपटॉपवर वाकून एकेक फाइल तपासू लागल्या. शेजारी बसलेले दादा त्यांना काहीतरी सांगायला टेबलावर बोटाने टकटक करत होते. एकदा केली, दोनदा केली.

"अहो, गप्प बसा ना जरा!" जाऊबाई ओरडल्या.

बोललं काय गेलं ते जाऊबाईंच्याही ध्यानात आलं, कारण त्यांचा चेहरा पांढरा पडला. दादांनी बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. आमचे हे खिडकीशी जाऊन उगाच बाहेर बघत राहिले.

जाऊबाईंनी मान वर केली नाही. प्रोग्रॅममध्ये त्यांनी स्वतःच एक सोय केली होती: काही अडलं तर लाल अक्षरात तक्रार दाखवायची नाही, दादा घाबरतील. ती सोय त्यांनी काढली, प्रोग्रॅम पुन्हा बांधून आणला आणि चालवला. आता यंत्राने तोंड उघडलं: आवाजाचा भागच सापडत नाही. जाऊबाई खुर्चीत मागे रेलल्या.

"मी हलका टाकला," त्या म्हणाल्या. "हलका रनटाइम."

"म्हणजे?" मी विचारलं.

"आमच्या सर्व्हरना ना स्क्रीन, ना स्पीकर. तिथे चित्राचा आणि आवाजाचा भाग वगळलेला रनटाइम टाकतात. इतकी वर्षं तोच टाकतेय. आठवडाभर एवढं वाचलं, आणि घेताना हात सवयीने तिकडेच गेला." त्या थांबल्या. "ह्यांना आवाजासाठीच हवा होता, आणि मी बिनआवाजाचा घेतला."

डोळ्यांतलं पाणी त्यांनी पदराने नाही, मनगटाने पुसलं आणि कामाला लागल्या. आवृत्ती तीच, देणारे तेच, फक्त या वेळी पूर्ण रनटाइम. तो उतरायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी चहा ठेवला, कारण कुणाकडे बघायचं ते मला कळत नव्हतं. जाऊबाई पडद्याकडेच बघत होत्या आणि दादा त्यांच्याकडे.

काम झालं तशा त्या उठल्या, लॅपटॉप दादांपुढे सरकवला आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. दादांनी सावकाश टाइप केलं. मी कप तिथेच ठेवून पुढे आले. त्यांनी एंटर दाबला.

"गप्प... बसलो... होतो," दादांचा आवाज म्हणाला, अडखळत, पण त्यांचाच. "आता... बोलू?"

आमचे हे खिडकीशी मोठ्याने हसले. जाऊबाईंनी दोन्ही हात दादांच्या खांद्यांवर ठेवले. त्यांना हसू येत होतं की रडू, ते मला मागून दिसलं नाही.

"बोला," त्या म्हणाल्या. "बोला हो."