मल्लेश्वरीचं इंगाल

कर्नाटकात, भालकीजवळच्या मेहकरच्या मराठी शाळेत मल्लेश्वरी चौदा वर्षं विज्ञान शिकवत होती, तेही अतिथी शिक्षिका म्हणून. अतिथी कसली डोंबलाची! पाहुणीला कुणी चौदा वर्षं राबवून घेतं का? दोन वर्षांपूर्वी वरून फतवा निघाला: शिक्षण-तंत्रज्ञान आणि विज्ञान घेऊन पदव्युत्तर पदवी पास व्हा, नाहीतर घरी बसा.

मग काय, दर शनिवारी-रविवारी वर्गांसाठी कलबुर्गीची बस. त्रेचाळिसाव्या वर्षी बाई स्लाइड बनवायला, व्हिडिओ कापायला शिकली, आणि चांगली शिकली. उरला फक्त शेवटचा पाठ, कॅमेऱ्यासमोर वीस मिनिटं. त्यात नापास म्हणजे नोकरी गेली.

विषय होता झाडाचं अन्न. तिनं वर्गात सांगते तसंच सुरू केलं, "झाड पानातनं हवेतलं इंगाल घ्यायलंय अन् आम्लजनक भाईर सोडायलंय."

आता बघा, बाईंचं स्वतःचं शिक्षण कन्नडमधून. कन्नडात कार्बनला इंगाल म्हणतात, ऑक्सिजनला आम्लजनक. मेहकरची निम्मी पोरं घरी कन्नडच बोलतात, त्यांना ते चटकन कळतं. पण मागच्या पडद्यावर मशीन तिचं बोलणं अक्षरांत उतरवत होतं, त्यानं लिहिलं 'इंगळ'. मराठीत इंगळ म्हणजे पेटता निखारा.

परीक्षक राजशेखर सर मूळचे कलबुर्गीजवळच्या आळंदचे, कन्नड शाळेत शिकलेले. त्यांना समजलं नाही असं मला कुणी सांगू नये! पण शेजारी लातूरचे पाहुणे परीक्षक बसलेले, त्यांच्यापुढे शहाणपणा मिरवायची खाज.

"काय बाई, झाड इंगळ खायलंय? तोंड भाजत न्हाई का त्याचं?"

सगळा हॉल खिदळला. तिच्यासोबत दोन वर्षं डबा खाल्लेलेही खिदळले, मेले.

"सर, मी काय म्हणायले ते तुम्हाला ठाव हाय," मल्लेश्वरी कशीबशी म्हणाली.

"मला ठाव असून काय उपेग? मराठी शाळा हाय तुमची," सर म्हणाले, आणि दोन गुणांनी तिला पाडलं. संध्याकाळपर्यंत व्हिडिओचा तो तुकडा भालकी तालुक्यातल्या मास्तरांच्या मोबाईलवर फिरत होता.

आठवड्याभरात कार्यमुक्तीचा कागद आला. मुख्याध्यापक सिद्धप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले, "सही नंतर करा. आधी सातवीच्या वह्यांतला तो इंगाल शब्द खोडून द्या. तपासणी आली तर माझ्या अंगलट येतंय."

ती वर्गात गेली. पोरांनी वह्या काढल्या. पहिल्याच बाकावरच्या निलम्मानं पानावर हात ठेवला.

"म्याडम, तुम्हीच बरोबरची खूण केलती की. मग चूक कामून?"

चूक नव्हती, हे मल्लेश्वरीला ठाऊक होतं. पण पोरीला आता तसं सांगून उद्या परीक्षेत तिला गुण कोण देणार होतं?

"माझंच चुकलं, बाळा," ती म्हणाली. निलम्माचा हात बाजूला सारून तिनं लाल पेनानं शब्द खोडला. अजून तीस वह्या उरल्या होत्या.