न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिच्याबद्दल आहे तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर चुकीचं ओळखता.

साताऱ्यात कंत्राटी शिक्षकांचं आंदोलन असलं की शेवटी माईक माझ्या हातात येतो. मी चिडून बोलते. लोक म्हणतात, मॅडम पोटतिडकीनं बोलतात. आणि चिडू नको तर काय करू? बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, पात्रता परीक्षा दोनदा पास झाले, भरतीची वाट बघता बघता तिशी उलटली — आणि मग कळलं की आता शिक्षक एजन्सी पुरवणार. पुरवणार! मांडवाला खुर्च्या पुरवतात तसे. शाळेनं मागणी नोंदवायची, एजन्सीनं माणूस धाडायचं, अकरा महिन्यांनी उचलून न्यायचं. एजन्सीच्या फॉर्मवर 'शिक्षक' हा शब्द कुठंही नव्हता. 'मनुष्यबळ' होता. पोरांना पाढे शिकवणारं, शेंबूड पुसणारं, पालकांच्या शिव्या खाणारं मनुष्यबळ.

हा राग खरा आहे. तो आधीच सांगून टाकते, कारण गेली आठ वर्षं मी त्याच्याच आड उभी आहे.

मनीषा आणि मी दोघी वडूजच्या. बी.एड.ला एका बाकावर बसायचो. मी बोलायला चटपटीत, ती शिकवायला. फरक कळतो ना? मी वर्गात शिरले की पोरं गप्प व्हायची. ती शिरली की बोलायला लागायची. विषय दोघींचा एकच, विज्ञान. सांगलीच्या एजन्सीचं मुलाखतीचं पत्र आलं तेही दोघींना एकाच दिवशी.

तीन आठवडे आम्ही आमच्या गच्चीवर तयारी केली. प्लॅस्टिकच्या खुर्चीत मी साहेब होऊन बसायची, ती समोर उभी. स्वतःची ओळख इंग्रजीतून करून द्यायची म्हटलं की तिची जीभ अडकायची. मी तिच्याकडून ती वीस-वीस वेळा म्हणून घ्यायची. नमुना पाठासाठी तिनं मिठाच्या पाण्यात तरंगणारं अंडं निवडलं होतं. दोन अंडी फुटली, एक आम्ही उकडून खाल्लं. मजेचे दिवस होते ते. खोटं कशाला बोलू?

एक दिवस मी साहेबाच्या आवाजात विचारलं, "लग्न झालंय म्हणता. मग मूलबाळ कधीचं मनात आहे?"

ती खाली बघायला लागली. मी संतापले. अशा ठिकाणी बायकांना हे विचारतात, असं मी दोघी-तिघींकडून ऐकलं होतं. मी म्हणाले, मान वर कर. म्हणायचं, हा प्रश्न तुम्ही पुरुषांना विचारता का?

"आगं उजे, आसं बोलल्यावर ठेवतील व्हय आपल्याला?"

"नाही ठेवलं तर नाही. पण ह्याचं उत्तर द्यायचं नाही. तो त्यांचा हक्कच नाही."

ते वाक्य मी तिच्याकडून घोटून घेतलं. मान ताठ, आवाज शांत. हा प्रश्न तुम्ही पुरुषांना विचारता का? — शेवटी शेवटी ती ते माझ्यापेक्षाही छान म्हणायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात तिनं मला सांगितलं की तिला दिवस गेलेत. नुकतेच. नवरा फौजेत, लांब सीमेवर. त्याला फोनवर कळवलं होतं. तीन महिने भरेपर्यंत सासूलाही सांगायचं नव्हतं. नवऱ्याशिवाय ठाऊक होतं ते दोघींनाच — मला आणि तिच्या थोरल्या नणंदेला, रेखाताईंना. रेखाताई साताऱ्याला दवाखान्यात नर्स. त्यांनीच तिची तपासणी करवून आणली होती. मनीषाला उलट्या फार व्हायच्या. एका रविवारी रेखाताई वडूजला आल्या आणि माझ्यासमोरच तिच्यावर कडाडल्या, "आसल्या आंगानं येस्टीनं सांगलीला जातीस? मीच फोन करून सांगती त्यांना, हिचं नाव काढा म्हणून!" जाताना मात्र उलटीच्या गोळ्या आणि मोसंब्यांची पिशवी तिच्या उशाशी ठेवून गेल्या. मनीषा हसली. म्हणाली, "वन्संचं तोंडच तसलं हाय, मनात काय न्हाई."

मुलाखतीच्या दिवशी पहाटेची एसटी धरली. विट्याला गाडी थांबली तेव्हा स्टँडच्या मागं जाऊन ती ओकली. मी तिची वेणी धरून उभी होते. पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, तोंड पुसायला माझा रुमाल दिला. हे का सांगतेय? त्यानंतर तीन तासांत मी जे केलं ते त्याच हातांचं होतं म्हणून.

सांगलीत एजन्सीचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं, खाली हळदीची अडत. जिन्यातच नाकात हळद जायची. बाकावर पंधरा-वीस जण फाईल मांडीवर धरून बसलेले. केस पांढरे झालेले दोन सर होते. या वयात या माणसांनी एजन्सीवाल्यांपुढं अंडी तरंगवून दाखवायची? — बघा, परत रागाकडं गेले. मला सवयच लागलीय.

आधी माझा नंबर लागला.

त्या खोलीत काय झालं, ते मी स्वतःला कसं सांगत आले ते आधी सांगते. मी सांगत आले की त्यांनी मला खोदून खोदून विचारलं. तुमच्या मैत्रिणीची काही अडचण आहे का, वर्षभर टिकतील का, खरं सांगा. मी गोंधळले, आणि तोंडातून निसटलं. इतक्या वेळा मनात घोळवलंय हे, की त्या साहेबाचा चढलेला आवाजसुद्धा मला ऐकू येतो.

तो आवाज चढलेला नव्हता. त्यांनी काहीही विचारलं नाही.

एक गृहस्थ होते, एक मॅडम होत्या. नीट वागले. पाठ घेतला, मधे अडवलं नाही. लग्नाचं, मुलाचं — तो प्रश्नच आला नाही. शेवटी गृहस्थ कागद चाळत म्हणाले, "साताऱ्याजवळची एकच जागा उरलीय. विज्ञानाच्या तुम्ही दोघीच. बाहेरच्या मॅडमचे मार्क तुमच्यापेक्षा थोडे जास्त दिसतायत. त्यांचं बघतो आणि कळवतो."

एवढंच. मी थँक्यू म्हणाले. खुर्ची मागं सारली, फाईल काखेत घेतली, दारापर्यंत गेले. दार ढकलायचं राहिलं होतं. तिथून मी वळले.

"सर, एक सांगू का? त्यांना दिवस गेलेत. प्रवास झेपत नाही त्यांना. वर्षभर निभेल असं वाटत नाही."

आणि तुम्हाला सगळ्यात वाईट काय ते सांगू? हे मी काळजीच्या आवाजात बोलले. तिची जणू मोठी बहीण असल्यासारखी.

मॅडमनी ते लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या. त्यांनी ते ऐकून घेतलं, कागदावर टिपलं, तेवढ्यावर एका शिकल्यासवरल्या बाईचं नाव खोडलं — याबद्दल मी त्यांना आजही क्षमा करत नाही. करणारही नाही. पण त्यांच्या हातात पेन्सिलीसारखं ते टोकदार करून दिलं कुणी?

बाहेर मनीषा साडीच्या निऱ्या सारख्या करत उभी होती. "त्यो प्रश्न विचारला व्हय गं?"

"नाही," मी म्हणाले. खरं तेच बोलले. तशी ती हसली आणि आत गेली.

दहा मिनिटांत परत आली. अंडं पिशवीत तसंच. पाठ घेतलाच नव्हता. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं होतं, दिवस गेलेत ना? तिनं मान ताठ ठेवून आमचं घोटलेलं वाक्य म्हटलं. त्यावर ते गृहस्थ हसले म्हणे. "पुरुषांना दिवस जात नाहीत मॅडम. आमच्याकडं माहिती आलीय."

जिन्यात ती थांबली. कठड्याला धरून. "उजे, त्यांना कळलं कसं गं?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. तोंड उघडायला हवं होतं तर ते आता — मघाशी नव्हे. मी तिच्या पिशवीचा बंद धरून उभी राहिले. मग तीच हळूहळू म्हणाली, "वन्संनी फोन केला. म्हणल्याच हुत्या त्या."

आणि मी म्हणाले, "असंल बाई. काय सांगावं."

दारातलं एक वेळ क्षणाचं म्हणा. हे क्षणाचं नव्हतं. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून रडत होती, आणि वडूज येईपर्यंत तिला सांगायला माझ्याकडं पुरते तीन तास होते.

आठवड्यानं मला ऑर्डर आली. मनीषा पेढे घेऊन घरी आली. तिनं मला पेढा भरवला, म्हणाली, आपल्यातल्या एकीला तरी मिळालं. रेखाताईंशी तिनं बोलणं टाकलं. त्यांनी पोराची शपथ घेतली, देवाला हात लावला. तरीही नाही. दिरांनी, सासूनं समजावून पाहिलं. मला विचारलं असतं तर दोन वाक्यांत मिटलं असतं. मला कुणी विचारलं नाही. आणि विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, हे मला तेव्हाच नेमकं आठवलं!

मुलगी झाली. बारशाला आत्या लागते. बाळाच्या कानात नाव तिनं सांगायचं. मनीषानं रेखाताईंना बोलावलं नाही. मला म्हणाली, "तू हो आत्या." मी गेले. नवी साडी नेसून गेले. पाळण्यात वाकले, त्या एवढ्याशा कानात नाव सांगितलं, आणि बायकांनी रीतीप्रमाणं हसत हसत माझ्या पाठीत धपाटे घातले. मीही हसले.

पुढं मी आंदोलनात बोलायला लागले. बोलताना उदाहरण द्यावं लागतं. माझ्या मैत्रिणीला, मी म्हणते, गरोदर असल्याच्या कारणावरून पाठही घेऊ दिला नाही, तिच्या प्रश्नावर हे लोक हसले! शब्द न् शब्द खरा. खाली बसलेल्या बायकांचे डोळे लाल होतात. मग टाळ्या. एका धरण्याला मनीषा स्वतः आली होती, मुलीला घेऊन. भाषण संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, हिनंच मला मान ताठ ठेवायला शिकवलं. ती आता वडूजला घरी शिकवण्या घेते. तिच्या ओसरीवर पोरं मावत नाहीत. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर घेत माझ्या शाळेत विज्ञान शिकवणारं मनुष्यबळ मी आहे. तिच्या निम्म्यानंही चांगली नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याच्या स्टँडवर रेखाताई भेटल्या. थकल्यात. माझा हात धरून बाजूला घेतलं. म्हणाल्या, "उज्ज्वला, तुझं ऐकंल ती. तूच सांग तिला. रागात बोलले व्हते मी, पर फोन न्हवता गं केला. भाचीला आजून मांडीवर घेतलं न्हाई मी."

मी म्हणाले, "सांगते, रेखाताई."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्यांची गाडी लागली, त्या गेल्या. त्यानंतर मी वडूजला दोनदा जाऊन आले. मनीषाच्या हातचा चहा प्यायले. सांगितलं नाही.

रेखाताईंनी फोन केला नव्हता. कुणीच केला नव्हता. सांगलीच्या त्या खोलीत दारापाशी वळून, कुणी विचारलेलं नसताना, मी सांगितलं. त्या वेळी मला कसलाही राग आलेला नव्हता. कुणाची भीतीही नव्हती. ती जागा मला हवी होती.